दोन काचांचे मास्तर

मास्तर गिऱ्हाइकाच्या घरी जायचे तेव्हा हातात टेप नसायची, स्टूल असायचं. लाकडी, तीन पायांचं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. घरात शिरले की चपला काढायचे, खिडकीपासून चार हातांवर स्टूल ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तासभर बसायचे. चहा विचारला तर नुसता हात वर करायचे. हा माणूस खिडकी करायला आलाय की जप करायला, हे घरच्यांना कळायचं नाही. मी सोबत असले तर बायका मला स्वयंपाकघरात नेऊन विचारायच्या, "बरे आहेत ना हे?"

"बरे आहेत. ऐकतायत," मी सांगायचे.

तासाभरानं डोळे उघडून ते एकेक बोलायचे. "आवाज काचेतून कमी येतोय, फटीतून जास्त. आधी फटी बुजवा. दाराखाली रबराची पट्टी लावा. पंधरा दिवस राहून बघा. तरी त्रास झाला तर मला बोलवा." निम्मे लोक परत बोलवायचेच नाहीत. त्यांचं काम पट्टीतच होऊन जायचं. आमच्याकडे काच कापायला नामा होता. जासईचा, आधी मिठागरावर काम केलेला. तो कपाळाला हात लावायचा. "मास्तर, आपुन खिरक्या इकतो का सल्ला इकतो?"

"सल्ला फुकट आहे नामा. खिडकी विकतो."

"म्हनून तर कोनी घेत नाय."

वाशीला खाडीकडे तोंड असलेल्या एका फ्लॅटमध्ये साहेबांना सगळ्या घराला दोन काचांच्या खिडक्या हव्या होत्या. आवाजानं झोप येत नाही म्हणाले. मास्तर तासभर बसले. उठले आणि साहेबांना म्हणाले, "बाहेरून काहीच येत नाही. आवाज तुमच्या टीव्हीचा आहे आणि आईंचा आहे. दोन काचा लावल्या तर दोन्ही आतच कोंडतील." साहेबांच्या आई तिथेच सोफ्यावर बसल्या होत्या. सून पदर तोंडाला लावून आत पळाली. आम्ही पायऱ्या उतरून खाली आलो तरी तिचं हसणं ऐकू येत होतं. एवढं मोठं काम गेलं म्हणून मी रस्ताभर बडबडले. मास्तर म्हणाले, "बाई, खोटी खिडकी लावली तर ती रोज माझ्याकडे बघेल."

असा माणूस. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी स्वतः ते कधी खिडकीवर लिहिलं नाही. दुसरे लोक कोपऱ्यात दुकानाची चिठ्ठी चिकटवतात. मास्तर म्हणायचे, काच बघायची नसते, काचेतून बघायचं असतं.

ही गोष्ट नव्वदनंतरची. तेव्हा आमच्याकडे खिडकी म्हणजे लोखंडी गज आणि एक काच, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मास्तर तरुणपणी बोटीवर फिटर होते. कुठल्याशा थंड देशाच्या बंदरात पाय मोडला म्हणून दीड महिना दवाखान्यात पडून होते. खाटेशेजारी खिडकी. बाहेर बर्फ पडतोय, क्रेन चालतायत, माणसं ओरडतायत, आणि आत काही नाही. थंडी नाही, आवाज नाही. जाग आली तेव्हा आधी त्यांना वाटलं आपण बहिरे झालो. नर्सच्या हातातून वाटी पडली, तिचा आवाज आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग दीड महिना त्यांनी त्या खिडकीशिवाय दुसरं काही बघितलं नाही. परत आले, बोट सोडली आणि शिरवण्याच्या कारखान्यांत एक गाळा घेऊन बसले.

दोन काचांचं काम ते कुणालाही चहाच्या पेल्यावर समजावून सांगायचे. स्टीलच्या एका पेल्यात कडकडीत चहा घ्यायचा, तो पेला दुसऱ्या मोठ्या पेल्यात अलगद ठेवायचा, मध्ये बोटभर मोकळी जागा. "आता बाहेरचा पेला धरा. चटका बसतो? नाही. का नाही? मधल्या हवेला कुठे जाता येत नाही म्हणून. कोंडलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही, गारव्याला बाहेर जाऊ देत नाही." बेलापूरला एका ऑफिसात पश्चिमेच्या उन्हानं कारकून लोक चारनंतर टेबलं ओढून भिंतीकडे जायचे. मास्तरांनी तिथल्या खिडक्या केल्या. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सहज डोकावलो तर टेबलं खिडकीला लागलेली आणि एक मुलगी एसी कमी करा म्हणून भांडत होती. मास्तरांनी ते भांडण उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. गाणं ऐकावं तसं.

आता मी तिथे कशी गेले ते सांगते.

आम्ही मूळचे महाडकडचे. घर तुर्भ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून. सरकारी योजनेतलं एका खोलीचं घर, आमचं स्वतःचं. हे पावण्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात बॉयलरवर होते आणि पाळी कायम रात्रीची. म्हणजे झोपायचं दिवसा. आणि दिवसा डोंगरातल्या खाणींतून खडीचे डंपर आमच्या खिडकीवरून जायचे. मी मोजलेत, भाकरी थापून तव्यावर टाकेपर्यंत दोन. हे कानात कापसाचे बोळे घालून, मेच्या उकाड्यात डोक्यावरून गोधडी घेऊन पडायचे. झोप लागायची नाही. मग कामावर डुलकी लागायची. बॉयलरसमोर डुलकी म्हणजे काय ते त्यांच्या सुपरवायझरला बरोबर कळत होतं. एकदा सोडलं. दुसऱ्यांदा लिहून घेतलं. म्हणाला, तिसऱ्यांदा दिसलास तर घरी बस. तो काही वाईट माणूस नव्हता. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

शिरवण्याला एक जण आवाज अडवणारी खिडकी करतो, असं कुणीतरी सांगितलं. मी गेले. आकडा ऐकला आणि उठले. दारापर्यंत जाऊन परत फिरले.

"मग काम द्या," मी म्हटलं.

"काय येतं?"

"भांडी घासता येतात. पुसता येतं. भाजता येतं."

मास्तर भाजण्यावर थांबले. "काय भाजता?"

"रवा, शेंगदाणे, काय म्हणाल ते. करपवत नाही."

त्यांनी एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत साबुदाण्याएवढे गुलाबी मणी. दोन काचांच्या मध्ये चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात हे मणी भरतात. आत राहिलेली ओल ते पिऊन घेतात. ओल पिऊन मणी गुलाबी होतात, भाजले की पुन्हा निळे. कमी भाजले तर कामाचे नाहीत, जास्त भाजले की काळपट पडून मरतात. नामानं आजवर निम्मे मारले होते. मी स्टोव्ह पेटवला, कढई ठेवली आणि मंद आचेवर ते मणी असे परतले की एकसुद्धा काळा झाला नाही. मास्तरांनी मूठभर मणी उन्हात धरून बघितले. "उद्यापासून या."

"खिडकीचं काय?"

ते हसले नाहीत. विचार करून बोलले. "आमचा हंगाम दसऱ्यापासून अर्ध्या मेपर्यंत. त्यानंतर हवेत ओल असते, मी काच जोडत नाही. मणी तुम्ही भाजायचे आणि आतल्या काचा तुम्ही पुसायच्या. एका हंगामात आत एकही बोट राहिलं नाही, तर खिडकी तुमची."

बोट म्हणजे बोटाचा डाग. काच जोडली की आतली बाजू कायमची आत जाते. त्या बाजूला डाग राहिला तर तो ना आतून पुसता येतो ना बाहेरून. आमच्या गाळ्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. तसली काच मास्तर हातोडीनं फोडायचे. आणि ज्याचं बोट, त्यानं फोडायच्या आधी आठ दिवस ती काच समोर ठेवून डबा खायचा. ओरडणं नाही, पगार कापणं नाही. नुसतं बघत जेवायचं. नामा दोनदा जेवला होता. तो म्हणायचा, "वयनी, शिव्या परवारल्या. त्या काचंसमोर घास उतरत नाय."

त्या हंगामात मी काय पुसलं ते मलाच माहीत. मलमलीचा फडका, मग वर्तमानपत्राचा बोळा, मग पुन्हा फडका. हातात सुती मोजे. मास्तरही मोजे घालायचे, पण उजव्या मोज्याचा अंगठा त्यांनी कापून टाकला होता. उघड्या अंगठ्याशिवाय काचेचा काठ कळत नाही म्हणायचे. नियम बाकीच्यांना आणि सूट स्वतःला, हे मी तेव्हाच मनात टिपलं होतं. बोलले नाही, कारण वरची काच उतरवण्यात त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. एवढी जड काच, पण खालच्या पट्टीवर टेकताना टक आवाज होत नसे.

दसरा गेला, संक्रांत गेली, होळी गेली. आत बोट नाही. घरी हे विचारायचे, "किती राहिलं?" मी सांगायचे, "दोन महिने. जागे राहा."

हंगामातलं शेवटचं काम वाशीच्या कानाच्या एका डॉक्टरांचं होतं. त्यांच्या तपासणीच्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती. कानाला यंत्र लावून बारीक आवाज ऐकवायचा, तर बाहेर रिक्षा फटफटायची. साडेचार फूट बाय तीनची खिडकी. एक काच जाड, एक पातळ. दोन्ही सारख्या असल्या की एकाच सुरात थरथरतात, एक जाड असली की सूर जुळत नाही, असं मास्तरांचं गणित. मी पुसली, उजेडात धरून बघितली, म्हटलं झालं. त्यांनी वरची उतरवली. कडा बुजवल्या. दोन दिवस सुकायला ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरकं पडलं आणि मास्तर काचेपाशी उभे राहिले ते हलेनात.

खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, एक अंगठा.

"बाई," एवढंच म्हणाले.

मी जवळ जाऊन बघितलं. पुसणारी मी एकटी. नामा दुसरीकडे बघायला लागला. पाच दिवसांवर हंगाम संपत होता.

दुपारी मी डबा घेऊन त्या काचेसमोर बसले. पहिल्या दिवशी नामा म्हणाला होता तेच झालं, घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मी रागानं जेवले. तिसऱ्या दिवशी मात्र नीट बघायला लागले.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण अंगठे मला वाचता येतात. माझी आई निरक्षर होती, रेशनच्या दुकानात अंगठा लावायची. दुकानदाराकडे पानावर पन्नास अंगठे असायचे आणि आईचा कुठला हे मी पोर असताना त्याला दाखवायचे, कारण तो हटकून चुकायचा. आता या काचेतला अंगठा मी तसा बघितला. रेघा स्वच्छ, गोल गोल, आणि मधून एक तिरकी पांढरी चीर गेलेली. मी माझा मोजा काढला. माझ्या अंगठ्याला रेघाच नाहीत. वीस वर्षं राखेनं भांडी घासून त्या गेल्या. मी काचेला अंगठा लावला तर नुसता तेलकट ठिपका उमटतो.

डबा तसाच ठेवून मी उठले. नेमके तेव्हा ते डॉक्टर आले होते, खिडकी का आली नाही विचारायला. मास्तर त्यांना सांगत होते की आता दसऱ्यानंतर. डॉक्टर म्हणत होते, "अहो, एवढासा डाग, तोही कोपऱ्यात. मला चालतो."

"तुम्हाला चालतो. मला चालत नाही."

मी मध्येच म्हटलं, "मास्तर, तो अंगठा तुमचा आहे."

नामाचा काच कापायचा हिरा हातातच राहिला.

"काय म्हणालात?"

"तुमचा. मध्ये चीर आहे. तुमच्या उजव्या अंगठ्याला जुना काप आहे. माझ्या अंगठ्याला रेघाच नाहीत, हे बघा." मी तिथल्या एका कोऱ्या काचेवर माझा अंगठा लावून दाखवला. मग म्हटलं, "आता तुम्ही लावा."

मास्तरांनी लावला. डॉक्टर वाकून बघायला लागले. एकदा इकडे, एकदा तिकडे. त्यांना मजाच वाटत होती. "बाई बरोबर सांगतायत. हुबेहूब तोच."

मला वाटलं मास्तर आता काहीतरी कारण काढतील. पुरुष काढतात. त्यांनी काढलं नाही. डॉक्टरांना हात जोडले. माझा डबा उचलून माझ्या हातात दिला, आपला डबा आणला आणि काचेसमोर, मी बसत होते तिथेच मांडी घातली. जेवता जेवता म्हणाले, "आठ दिवस माझे आणि तीन तुमचे. अकरा." आणि मग, "हंगाम तुमचा. खिडकी तुमची. दसऱ्यानंतर पहिली तुमचीच जोडतो."

"दसऱ्याला यांची नोकरी असेल का?" मी विचारलं. "हीच द्या."

"ही खराब आहे."

"मला कुठे कान तपासायचेत?"

"बाई, माझ्या गाळ्यातून खराब काच आजवर बाहेर गेलेली नाही. ही अकराव्या दिवशी फुटणार."

"फोडा मग. पण त्याआधी तुमचं ते स्टूल घेऊन एकदा माझ्या घरी या. सगळ्या नवी मुंबईची घरं ऐकून आलात. सात महिने मी तुमच्याकडे मणी भाजते, माझं ऐकलं नाहीत."

नामा हळूच म्हणाला, "मास्तर, वयनीचा खरा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. स्टूल घेऊन. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, डोक्यावर गोधडी. मास्तर खिडकीपासून चार हातांवर बसले. आमच्याकडे चार हात म्हणजे ह्यांच्या पायाशीच. डोळे मिटले. डंपर जायला लागले. फळीवरची भांडी वाजायची, पितळी डब्याचं झाकण नाचायचं. गोधडीखाली हे कूस बदलायचे. पुन्हा डंपर, पुन्हा कूस. मास्तर तासभर बसतात, पण त्या दिवशी अर्ध्या तासात डोळे उघडले. हे उठून बसले होते. डोळे लालभडक, घामानं निथळलेले. मास्तरांना बघून म्हणाले, "बसा ना. मी झोपलो नव्हतो."

"हो, ऐकलं मी," मास्तर म्हणाले, स्टूल उचललं आणि गेले.

सकाळी ते गवंडी घेऊन हजर. हातगाडीवर ती काच, चादरीत गुंडाळलेली. आमची खिडकी दोन फूट बाय तीन, काच साडेचार बाय तीन. मी म्हटलं, "बसायची कशी? कापणार?"

"जोडलेली काच कापता येत नाही. भिंत कापू."

आणि त्यांनी आमची भिंत कापली. वर दगडी पट्टी टाकली, चौकट बसवली, काच उतरवली, कडा बुजवल्या. खिडकी बंदच राहणार म्हणून मागच्या गल्लीच्या बाजूला वर एक झरोका फोडून घेतला. "हवा तिकडून घ्या. रस्त्याकडून फक्त उजेड घ्यायचा." दाराला रबराची पट्टी लावली. एका खोलीच्या घराला दवाखान्याची खिडकी, सगळी आळी बघायला जमली. शेजारीण म्हणाली, "काय गं, दुकान टाकतेस की काय?"

आवाज गेला असं मी म्हणणार नाही. मास्तरांनीही म्हटलं नसतं. डंपर गेला की भांडी थोडी थरथरायची. पण तो समोरून न जाता पलीकडच्या गल्लीतून गेल्यासारखा वाटायचा. धूळ थांबली, दुपारची झळ थांबली. हे पहिल्या दिवशी सकाळी नऊला पडले आणि मी चारला हलवून उठवलं, कारण मला भीती वाटली. पुढे ह्यांची तिसरी डुलकी कुणाला दिसली नाही. पूर्ण नोकरी करून, हार घालून घेऊन घरी आले.

मास्तर त्यानंतर अकरा दिवस पुरे होईपर्यंत भिंतीसमोर जेवले. काच तर माझ्याकडे आली होती. नामानं विचारलं, "आता काय बगता?" म्हणाले, "तिची जागा." पुढच्या दसऱ्याला त्यांच्या दोन्ही मोज्यांना अंगठे होते. पहिल्या दोन काचा जरा टक करून उतरल्या. तिसरीपासून सवय झाली.

मी तिथे सहा वर्षं मणी भाजले. मग कारखान्यात यंत्रानं जोडलेल्या काचा यायला लागल्या, मास्तरांनी गाळा बंद केला आणि बहिणीकडे राहायला गेले. ते वारले ते मला बऱ्याच दिवसांनी नामाकडून कळलं. स्टूल कुठे गेलं, विचारायचं राहून गेलं.

परवा सोसायटीच्या रंगकामासोबत सुनेनं खिडक्यांचा माणूस बोलावला, सगळं नवं करू म्हणून. तरुण मुलगा, कमरेला टेप. मी त्याच्याबरोबर बाहेर रस्त्याच्या बाजूला उभी राहिले. त्यानं काचेवर टिचकी मारली, कडांवरून बोट फिरवलं, आत ओल धरलीय का ते बघितलं. कुठे धुकं नाही. तेवढ्यात कोपऱ्यातला डाग त्याला दिसला. बाहीनं पुसला, गेला नाही. मग आत नजर गेली. खिडकीला लागूनच हे दुपारचे झोपले होते, तोंड उघडं टाकून. नोकरी संपली तरी दिवसा झोपायची सवय काही सुटली नाही.

पोरगा एकदम दबक्या आवाजात, माझ्या कानाशी येऊन बोलायला लागला. "आजी, आतमध्ये कुणाचातरी अंगठा राहिलाय."

"मोठ्यानं बोल," मी म्हटलं. "आत ऐकू जात नाही."